चिंचेचे सात तास

एकदा एका तालुक्याच्या गावी एक वृद्ध चित्रकार राहत असत. कुमुद नावाची त्यांची शिष्या हाताने कुशल, पण स्वभावाने भारी हट्टी. रस्ता रुंद करण्यासाठी बाजारातली जुनी चिंच आठवड्याभरात तोडायची, असे ठरले. तिच्याच पाराशेजारी कुमुदच्या वडिलांनी, अण्णांनी, चाळीस वर्षे सायकली दुरुस्त केल्या होत्या. झाड जाण्यापूर्वी ते पानन्‌पान चित्रात उतरवून अण्णांना द्यायचे, असा तिने निश्चय केला.

गुरुजी सोबत आले. आल्या आल्या त्यांनी तिच्या पेटीतली काळ्या रंगाची ट्यूब उचलून खिशात टाकली.

"मग सावली कशानं रंगवू?" कुमुदने विचारले.

"आजवर न बघताच काळी फासलीस. आता बघून रंगव."

तासाभरात ऊन सरकले, तसा गुरुजींनी अर्धवट चित्राचा कागद काढून घेतला. सात दिवस हेच चालले. रोज नवी वेळ, नवा कागद, आणि एकच तास. एकाही चित्रात धड फांदी नव्हती, नुसते रंगाचे तुटक फटकारे. कुमुदला रडू यायचे तेवढे बाकी होते. आठव्या दिवशी चिंच पडली.

संध्याकाळी गुरुजी कागद घेऊन घरी आले, आणि तिने खालमानेने सातही अण्णांपुढे मांडले. "अण्णा, एकही पुरं झालं नाही."

अण्णांनी एकेक कागद उचलून पाहिला. मग त्यांनी एका कागदावरच्या निळ्या-जांभळ्या सावलीवर बोट ठेवले.

"हे चार वाजताचं. सावली पाराच्या कडेला टेकली की तू शाळेतून यायचीस. मी हात पुसून तुला शेंगदाणे द्यायचो." बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले.

गुरुजी हळूच म्हणाले, "पानं मोजत बसली असतीस, तर अण्णा 'छान आहे' म्हणाले असते आणि चित्र भिंतीवर गेलं असतं. त्यांचं आयुष्य त्या उन्हात गेलं, कुमुद. ऊन तासापलीकडे थांबत नाही, म्हणून मी तुलाही थांबू दिलं नाही."

त्यांनी खिशातली काळी ट्यूब परत दिली. कुमुदने ती पेटीत अगदी तळाशी ठेवली.

अण्णा उठले. धोतराला हात पुसून त्यांनी फळीवरचा डबा काढला आणि मूठभर शेंगदाणे तिच्यापुढे धरले. कुमुदने रंगाने माखलेली ओंजळ पुढे केली.