फार्फाल्लाचं बारसं

"आजपासून राजकन्येचं नाव जो चुकीचं घेईल, त्याने वाड्याबाहेर चालतं व्हायचं!" भर बारशात भोजराजांनी हुकूम सोडला.

नाव होतं फार्फाल्ला. इटलीच्या भाषेत फुलपाखरू. तिकडचा एक चित्रकार राजांचं चित्र काढायला आला होता. चित्र बिघडलं, चित्रकार गेला, शब्द तेवढा राहिला.

"तीन तुकडे करा," राजांनी समजावलं. "फार्, फाल्, ला! जोर मधल्यावर. आणि ल दोनदा आहे, जीभ क्षणभर टाळूला थांबली पाहिजे!"

दिवाणजी उठले. "फर्फळा!"

पाळण्यात राजकन्येने भोकाड पसरलं.

शास्त्रीबुवा म्हणाले, "फारफलाला!"

तिने आणखी वरचा सूर लावला. बारसं उरकलं की दोघांनी चालतं व्हायचं, असं राजांनी बजावलं.

कानात नाव सांगायचा मान आत्याबाईंचा. पण त्यांचा घसा नेमका आत्ताच बसला. घुगऱ्यांत मीठ कमी म्हणून ओरडताना तो चांगला खणखणीत होता.

"मग दाईला उठवा," राजे म्हणाले. "दिवसभर हाक तीच मारणार!"

ठकू दाई उठली. कडेवर तिची स्वतःची तान्ही. नोकरी गेली तर हिला घेऊन जायचं कुठं?

"माझा मान मी ठकूला दिला हो!" आत्याबाईंचा घसा एकदम सुटला.

ठकू पाळण्यावर वाकली, राजकन्येच्या कानाशी तोंड नेलं, "कुर्र" केलं आणि काहीतरी पुटपुटली. राजकन्या गप्प!

"काय म्हणालीस? आम्हाला ऐकू आलं नाही!"

"बारशाचं नाव कानातच सांगतात, सरकार. मांडवाला नाही सांगत."

"पण बरोबर की चूक, हे कळायचं कसं?"

"जिचं नाव तिला विचारा की!"

"ती बारा दिवसांची! ती काय सांगणार?"

"दिवाणजींना सांगितलं. शास्त्रीबुवांनाही सांगितलं. अख्ख्या मांडवाने ऐकलं."

"असं? मग आता आमचं ऐक!" राजांनी लेकीला उचलून जरीच्या अंगरख्याशी धरलं आणि मधल्यावर जोर देऊन गरजले, "फार्-फाल्-ला!"

अंगरखा छातीपासून कमरेपर्यंत ओला झाला.

शास्त्रीबुवा छताकडे बघू लागले.

"आमचं काय चुकलं गं?" राजांनी हळूच विचारलं.

"ते मी कसं सांगू, सरकार? पण उत्तर तर मिळालं!"

राजे असे हसले की हातातली राजकन्या गदगदा हलली. दिवाणजी-शास्त्रीबुवांचं जाणं राहिलं, नाहीतर राजांनाही निघावं लागलं असतं. ठकूच्या तान्हीला चांदीचे वाळे मिळाले, आणि तिचा पाळणा राजकन्येच्या पाळण्याशेजारी टांगला गेला.

हुकूम काही मागे घेतला नाही. राजाचा हुकूम तो! पण तेव्हापासून वाड्यात राजकन्येचं नाव सगळे तिच्या कानातच घेऊ लागले. राजेसुद्धा, अंगरखा काढून ठेवून.