झिजलेली मोहर

राजेरजवाड्यांच्या काळी घाटाखालच्या एका पेठेत दोन विणकर बहिणी राहत. थोरली सगुणा आणि धाकटी भिवरा. घरात माग एकच, त्यावर दोघी आळीपाळीनं बसत. आई जाताना दोघींच्या हातावर एकेक जुनी सोन्याची मोहर ठेवून गेली होती.

एके सकाळी पेठेत दवंडी आली. नदीपलीकडच्या टोळ्यांनी राज्यात खोट्या मोहरा घुसवल्या होत्या. "ज्याच्या घरी जुनी मोहर असेल त्यानं ती चावडीवर आणून तपासून घ्यावी होऽ! खोटी निघेल त्याचा उजवा हात तोडला जाईल! जो लपवील त्याचं घर जाळलं जाईल होऽ!"

पेठ गारठली. शेजारच्या गावाला गेलेला तेली परतला तो तुटलेल्या उजव्या मनगटाला फडकं गुंडाळून. लोक जेवताना घास हातात धरून आपल्याच बोटांकडे बघत बसू लागले.

बहिणींच्या मोहरा साऱ्या पेठेनं पाहिलेल्या होत्या. लपवायची सोयच नव्हती.

सगुणेनं दार लावलं आणि दोन्ही मोहरा जात्यावर ठेवल्या. भिवरेची लखलखीत होती, अक्षरं ठसठशीत. दगडावर टाकली की खणकन वाजे. सगुणेची कडेला वाकडी, झिजलेली, अक्षरं पुसट. टाकली तर नुसता बसका आवाज.

"भिवरे, माझी खोटी आहे गं," सगुणा कुजबुजली.

"असं काय बोलतेस अक्का? आई आपल्याला फसवील का?"

"आईलाच कुणी फसवलं असेल तर?"



त्यानंतर सगुणेला विणता येईना. धागा सारखा तुटायचा. बाहेर घोड्याच्या टापा ऐकू आल्या की ती उजवा हात पदराखाली घ्यायची. हात गेला तर माग गेला, आणि माग गेला की विणकरणीला राहतं काय?

चावडीवर जायचा दिवस उजाडला. भिवरा पाणी आणायला गेली होती. तिची पुरचुंडी कोनाड्यात होती. सगुणेनं ती सोडली, मोहरांची अदलाबदल केली आणि गाठ पुन्हा तशीच मारली. भिवरा आत आल्यावर सगुणेला तिच्याकडे बघवेना.

चावडीपुढे एक ओंडका ठेवला होता. त्याच्याशेजारी कुऱ्हाड घेतलेला माणूस उभा होता. ओट्यावर अंमलदार आणि एक म्हातारा सराफ बसले होते. सराफापुढे कसोटीचा काळा दगड आणि तेजाबाची कुपी.

भिवरेची पाळी आधी आली. तिनं पुरचुंडी सोडली आणि ती थबकली. मोहर तिची नव्हती. तिनं मागे वळून पाहिलं. सगुणेची मान खाली होती. भिवरेला सगळं कळलं. तरी तिनं मोहर पुढे केली.

सराफानं ती दगडावर घासली. पिवळी रेघ उमटली. तिच्यावर तेजाबाचा थेंब टाकला. रेघ जशीच्या तशी.

"बावनकशी आहे पोरी. कडेला चीर गेलीय म्हणून आवाज बसलाय. किती पिढ्यांच्या बोटांनी झिजलीय बघ!"

आता सगुणेची पाळी होती.

लखलखीत मोहरेची रेघही पिवळीच उमटली. तेजाब पडताच ती हिरवी होऊन फेसाळली आणि विरून गेली.

"पितळ. वर सोन्याचा मुलामा," सराफ म्हणाला.

कुऱ्हाडवाला पुढे सरकला. अंमलदारानं विचारलं, "ही मोहर तुझीच ना?"

'धाकटीची आहे.' एवढं म्हटलं की सुटका होती, आणि ते खोटंही नव्हतं. शब्द सगुणेच्या ओठांवर आले. तेवढ्यात तिची नजर भिवरेकडे गेली. भिवरा उभी होती, पण अदलाबदलीबद्दल अवाक्षर काढत नव्हती.

"मीच ती बदलून घेतली, सरकार," सगुणा म्हणाली. "भीतीपोटी बहिणीची मोहर चोरली, नि माझी वाटली खोटी म्हणून ती तिच्या गळ्यात मारली. हात माझाच घ्या."

तिनं आपणहून हात ओंडक्यावर ठेवला.

"थांबा!" गर्दीतून त्यांची म्हातारी मावशी धडपडत पुढे आली. "सरकार, माझ्या बहिणीकडे एकच मोहर होती. दोघी लेकींना सारखं वाटावं म्हणून तिनं दुसरी घडवून घेतली. मला ठाऊक होतं, पण भीतीनं माझी जीभ उचलली नाही."

अंमलदारानं कुऱ्हाडवाल्याला मागे व्हायची खूण केली. "ही मोहर बाजारात कधी चालवली नाही, कुणाला लुबाडलं नाही. मोडून टाका ती. जा पोरींनो."

हात वाचला. खरी मोहर भिवरा परत देऊ लागली, पण सगुणेनं घेतली नाही. भिवरा तिला टाकून बोलली नाही की भांडली नाही. मात्र घराबाहेर पडताना पुरचुंडी कमरेला खोचून न्यायला लागली. ते पाहताना सगुणेला वाटे, त्यापेक्षा कुऱ्हाड बरी होती. ती खाली मान घालून विणत राही.

अशी काही वर्षं गेली. एकदा भिवरा जत्रेला निघाली. उंबऱ्यापाशी थांबली, मागे आली आणि मोहर सगुणेच्या तळहातावर ठेवली.

"गर्दी असते तिथं. तू सांभाळ, अक्का."

सगुणेनं मूठ मिटली आणि ती हमसून हमसून रडली.

तात्पर्य: भीतीच्या भरात आपलं संकट दुसऱ्याच्या पदरात टाकू नये. हात वाचला तरी गेलेला विश्वास परत यायला वर्षं लागतात.