उंबऱ्याबाहेरचा बोरू

एका गावात एक कासार होता. बांगड्या विकण्यापेक्षा त्याला वाचायचं वेड जास्त. त्या काळी छापलेली पुस्तकं नव्हती. कुणीतरी हाताने गोष्ट लिहायचं, कुणीतरी ती उतरवून घ्यायचं, आणि अशी बाडं कापडात बांधून घराघरांत पडलेली असायची. कासार बांगड्या घेऊन गावोगाव फिरायचा, आणि कुठे बाड दिसलं की बांगड्यांच्या बदल्यात तेच मागून आणायचा. बायको म्हणायची, "असंच चाललं तर एक दिवस कागद शिजवायला घालीन." पण संध्याकाळी त्याच्यासमोर ऐकायला पहिली तीच येऊन बसायची. तिला स्वतःला वाचता येत नव्हतं.

त्याचं वाचणं होतंच तसं. गोष्टीतला वाटसरू जंगलात शिरला की याचा आवाज बारीक व्हायचा. वाघाची चाहूल लागली की याच्याच अंगावर काटा यायचा. शेजारची म्हातारी जपमाळ बाजूला ठेवून ऐकायला यायची. एकदा गोष्टीतला राजा उपाशी निजला, म्हणून हा पठ्ठ्याही जेवायचं विसरला. बायकोने ताट झाकून ठेवलं आणि हसत राहिली.

त्या दोघांना एक मुलगी होती. ती लहानपणीच तापाने गेली. त्यानंतर त्या घरात तिचं नाव कुणी काढलं नाही. नवऱ्याला वाटायचं, नाव काढलं तर ही कोसळेल. बायकोला वाटायचं, हे कोसळतील. दोघंही आपापल्या जागी गप्प राहिले.

मात्र कासाराकडे एक जुनं बाड होतं. त्यात समुद्रकाठच्या एका आईची गोष्ट होती. तिचा मुलगा होडी घेऊन जातो आणि परत येत नाही. आई रोज त्याची वाट पाहते. गोष्ट साधीच, लिहिणाराही कुणी मोठा नसावा. पण प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी तो एकच वाक्य लिहायचा, "आणि त्या रात्रीही तिने दाराला कडी लावली नाही."

मुलगी गेली त्या तिथीला दरवर्षी बायको म्हणायची, "अहो, आज ती होडीवाल्याची वाचा ना." तो वाचायचा. ते वाक्य आलं की त्याचा आवाज अडायचा आणि ती पदर डोळ्यांना लावायची. कुणासाठी रडतोय हे दोघांनीही कधी सांगितलं नाही. वर्षातून एकदा त्यांना एकत्र रडता यायचं, तेवढ्यावर त्यांचं बाकीचं वर्ष निघायचं.

इतकं वाचल्यावर कासाराला लिहावंसं वाटणारच. त्यात गैर काही नव्हतं. पलीकडच्या गावात एक म्हातारा लेखक राहत होता, त्याच्याकडे हा गेला. म्हाताऱ्याने त्याला लिहायचा बोरू तासायला शिकवलं, शाई करायला शिकवलं आणि निघताना म्हणाला, "एक गोष्ट सांभाळ. वाचायला बसशील तेव्हा बोरू उंबऱ्याबाहेर ठेवत जा."

"एवढंच? ठेवीन की," कासार म्हणाला.

"मीही असंच म्हणालो होतो," म्हातारा म्हणाला. त्याच्या घरात बाडांच्या थप्प्याच्या थप्प्या होत्या आणि सगळ्यांवर धूळ बसलेली होती. कासाराने ती पाहिली, पण म्हातारपणी डोळे गेले असतील, असं समजून तो घरी आला.

सुरुवातीला त्याने नेम पाळला. दिवसा ओसरीवर बसून लिहायचा, आणि संध्याकाळी बोरू ओसरीच्या कोनाड्यात ठेवून घरात वाचायला बसायचा. मग एकदा वाचताना त्याला एक फार सुंदर वाक्य भेटलं. सकाळपर्यंत आपण हे विसरून जाऊ, अशी त्याला धास्ती वाटली. तो उठला, कोनाड्यातला बोरू आत आणला आणि वाक्य टिपून घेतलं. पुन्हा उठायला नको म्हणून त्याने बोरू कानावर खोवला. तो तिथेच राहिला.

पहिले काही दिवस त्याला मजा वाटली. गोष्ट कशी बांधली आहे, गाठ कुठे मारली आहे, सगळं त्याला दिसू लागलं. त्याचं लिहिणं सुधारत गेलं. राजाने बोलावून शालजोडी दिली. लोक त्याला कासार म्हणायचं थांबले आणि लेखक म्हणू लागले. बांगड्यांची पेटी आता बायको डोक्यावर घेऊन फिरायची, पण तिचं त्याबद्दल काही म्हणणं नव्हतं. नवऱ्याचं नाव होतंय याचा तिला आनंदच होता.

फक्त संध्याकाळ बिघडली. वाटसरू जंगलात शिरला की हा थांबायचा आणि म्हणायचा, "वाघ फार लवकर आणला. अजून चार ओळी थांबायला हवं होतं." राजा उपाशी निजला की म्हणायचा, "हे मी जास्त चांगलं लिहिलं असतं." शेजारची म्हातारी काही दिवस आली. मग एकदा उठताना म्हणाली, "बाबा रे, मी वाघाला भ्यायला येत होते. तू तर त्याचे दात मोजतोयस." ती पुन्हा आली नाही. लेखकाला त्याचं विशेष काही वाटलं नाही. त्याला वाटलं, अडाणी बाई आहे.

ती तिथी आली. बायकोने दिवा लावला, समोर बसली आणि म्हणाली, "अहो, आज ती होडीवाल्याची वाचा ना."

त्याने बाडाचं कापड सोडलं. पहिलं प्रकरण संपलं, ते वाक्य आलं, त्याने वाचलं. बायकोचा हात पदराकडे गेला. दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटी तेच वाक्य पुन्हा आलं आणि लेखकाच्या कपाळाला आठी पडली. तिसऱ्या वेळी त्याने कानावरचा बोरू काढला.

"हा काय लेखक म्हणायचा!" तो म्हणाला. "तेच ते, तेच ते. एकदा सांगितलं की कळतं माणसाला." आणि त्याने ते वाक्य खोडलं. पुढची पानं उलटून जिथे जिथे ते होतं तिथे तिथे खोडलं. मग बाकीची गोष्ट त्याने न अडखळता, छान स्वच्छ आवाजात वाचून संपवली.

"आता कशी सुटसुटीत झाली बघ," तो म्हणाला.

पदर बायकोच्या हातातच राहिला होता. तिने दिवा बारीक केला आणि ती स्वयंपाकाला उठली.

पुढच्या वर्षी ती तिथी आली, पण बायकोने वाचायला सांगितलं नाही. लेखक दिवसभर ओसरीवर लिहीत होता, त्याला तिथी आठवलीही नाही. दिवेलागणीला त्याला घरातून हळू आवाज ऐकू आला. तो उंबऱ्यापाशी आला.

बायको एकटीच भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर मुलीचं जुनं कुंची-अंगडं होतं, आणि ती होडीवाल्याची गोष्ट स्वतःलाच सांगत होती. इतकी वर्षं ऐकून तिला ती येत होती. जिथे आठवत नव्हतं तिथे ती थांबायची, पण प्रकरण संपलं की न चुकता म्हणायची, "आणि त्या रात्रीही तिने दाराला कडी लावली नाही." मग थोडा वेळ रडायची आणि पुढे सांगायची.

कितीतरी दिवसांनी लेखकाचे डोळे भरून आले. लेकीचं तापलेलं कपाळ त्याच्या तळहाताला आठवलं. तिचं नाव त्याच्या ओठांवर आलं. एक पाऊल टाकून तो आत गेला असता आणि तिच्याशेजारी बसला असता, तर पुढे सांगण्यासारखं काही उरलं नसतं.

पण तेवढ्यात त्याला वाटलं, हे केवढं मोठं आहे! भिंतीला टेकलेली बाई, मांडीवर अंगडं, तोंडात तेच ते वाक्य. असं कुणी लिहिलेलं नाही. हे विसरता कामा नये.

त्याचा हात आपसूक कानाकडे गेला.

बायकोने मान वर केली. तिला उंबऱ्यात नवरा दिसला, त्याचे भरलेले डोळे दिसले आणि हातातला बोरूही दिसला. ती थोडा वेळ पाहत राहिली. तो बोरू खाली ठेवेल असं तिला वाटलं असावं. त्याला लिहिण्यासाठी एकच शब्द हवा होता, तो मिळाला की ठेवणारच होता.

ती उठली, अंगडं छातीशी धरलं आणि दारापाशी आली.

"तुम्ही लिहा," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता.

मग तिने दार लोटलं आणि आतून कडी लावली.

लेखक बराच वेळ बाहेर उभा होता. आत गोष्ट पुढे चालू झाली, पण आता शब्द कळत नव्हते. त्याने तो प्रसंग पुढे लिहिला. लोक म्हणतात, त्याच्या सगळ्या लिखाणात तोच उत्तम आहे, वाचताना भल्याभल्यांना रडू येतं. त्याने स्वतः तो पुष्कळदा वाचून पाहिला. दर वेळी त्याला त्यात एखादा शब्द बदलावासा वाटला.

एवढ्या गोष्टीचं तात्पर्य: लिहिणाऱ्याने दुसऱ्याच्या गोष्टीत शिरताना आपली लेखणी बाहेर ठेवावी, आणि आपल्या माणसाच्या दुःखात शिरताना तर ती आणूच नये.