अकरा वाजताची रांग

पदवीचं भेंडोळं मांडीवर आलेल्या पोरीपुढं कसं फिकं पडतं, ते ऐका. कोळवडीच्या अंगणवाडीत गिरजाबाई चोवीस वर्षं सेविका, शिक्षण सातवी. एक दिवस जिल्ह्याहून डोईफोडे साहेब आले, ताजे ताजे बालविकासतज्ज्ञ. खुर्चीत बसले आणि आदेशावर सही ठोकली. "बाई, तुम्ही अपात्र. या क्षणापासून मुलांना हात लावायचा नाही. पदवीधर बाई येईल."

"कधी?"

"येईल यथावकाश. तोवर तज्ज्ञाची कर्तव्यं ऐका." साहेब वाचू लागले. सहावं कर्तव्य होतं, बालकाच्या गरजेला तत्काळ प्रतिसाद देणे.

तेवढ्यात अकरा वाजले. रोज या वेळी बाईंचा पदर धरून तेवीस पोरं रांगेनं मागच्या मोरीवर शू करायला जायची. आज बाईंनी पदर कमरेला खोचला आणि भिंतीला टेकून बसल्या. आत जीव तुटत होता, पण उठल्या नाहीत. पोरं चुळबुळली, मग रडू लागली. धाकटी रुंजी साहेबांच्याच मांडीवर चढली.

"अहो बाई, न्या ना हिला!"

"मी अपात्र, साहेब. सही तुमचीच. या खोलीत पात्र माणूस एकच, अन् सहावं कर्तव्य त्याचं."

पँट ओली झाली, तेव्हा कुठं साहेबांचं पेन निघालं. 'अपात्र' खोडून त्यांनी लिहिलं, 'पात्र, तात्पुरती.'

बाईंच्या चोवीस वर्षांपूर्वीच्या नेमणुकीच्या कागदावरही 'तात्पुरती'च होतं. त्या साली साहेब दुपट्यात असतील, आणि ते दुपटं एखादी अपात्र बाईच बदलत असेल.