उतरंडीतला खालचा डेरा

थोड्या दिवसांपूर्वीची गोष्ट आहे. यमुनाक्काच्या माजघरात मातीच्या चार भांड्यांची उतरंड होती. तळाशी मोठा डेरा, त्यावर मडकं, मग गाडगं आणि शेंड्यावर इवलंसं बोळकं. वरचे तिघे दिवसभर गप्पा मारत. डेरा मात्र तिघांच्या भाराखाली दबलेला, त्यामुळे त्याचा आवाज कोणाला धड ऐकूच जात नसे.

एके दुपारी डेऱ्याच्या पोटाला तडा गेला.

"अरे, जरा ऐका रे," तो म्हणाला.

"खाली उंदीर खुडबुडतोय वाटतं!" गाडगं म्हणालं, आणि तिघे इतके हसले की उतरंड डुलली. तडा बोटभर वाढला.

डेऱ्याला वाटलं, आता अंग सोडून द्यावं. सगळे खाली आले, म्हणजे तरी कळेल, इथे मी होतो.

तेवढ्यात बोळक्याने विचारलं, "डेरेकाका, तुम्ही कधीच का हसत नाही हो?"

उत्तर ऐकायला सगळे गप्प झाले. त्या शांततेत डेऱ्याच्या तड्यातून कर्रकन आवाज आला.

"काका, धीर धरा," मडकं घाबरून म्हणालं. "आम्ही हलत नाही."

डेऱ्याने अंग आवळून धरलं. तो कर्रकन आवाज चुलीपाशी यमुनाक्कानेही ऐकला. तिने एकेक भांडं हलकेच उतरवलं, तडा लिंपला आणि डेरा कोपऱ्यात एकटाच ठेवला.

आता तळाशी मडकं असतं. डेरा रोज कोपऱ्यातून विचारतो, "मडक्या, बरं आहे ना?"

उत्तर येईपर्यंत वरचे दोघे हसत नाहीत.