शाल नको, पाणी!

"आजपासून माझ्या राज्यात असहाय, निराधार आणि उघडा हे शब्द बंद!" चिंचणगडच्या रणधीरराजांनी भर दरबारात फर्मावलं. "माझ्यासारखा रक्षणकर्ता असताना तशी माणसं उरतीलच कशी? आणि माणसंच नाहीत, तर धर्मशाळा कुणासाठी? दिवाळी झाली की तिथे माझे घोडे बांधा!"

"वा! वा!" दरबार म्हणाला.

"अन् आमची ठकूमावशी कुठं जाईल?" मागून कुणीतरी म्हणालं.

तो सुभाना होता. महाराजांना न्हाऊ घालणारा नोकर. अक्कल घरी ठेवून जीभ तेवढी कामावर आणतो, असं त्याची बायको म्हणे, आणि त्यालाही ते पटलेलं होतं. पण ठकूमावशी धर्मशाळेतल्या थकल्याभागल्यांना पेज शिजवून घाली. पोरक्या सुभानालाही तिनंच तिथे वाढवलं होतं. मग जीभ गप्प कशी बसणार?

"तुझी मावशी निराधार?" महाराज गरजले. "बोलवा तिला, आणि धर्मशाळेतल्या सगळ्यांनाच!"

मावशी आली. महाराजांनी तिच्या खांद्यावर भरजरी शाल घातली. "आता सांग, कुठे आहेस तू निराधार?"

"शाल नगं, चूल राहू द्या," मावशी म्हणाली, पण महाराजांनी ते ऐकलंच नाही. दाराशी खजिनदारानं शाल काढून घेतली, कारण तीच पुढच्या आंधळ्या आजोबांना घालायची होती, आणि मग लंगड्या आजीला. ती एकच शाल दिवसभर आत-बाहेर करत होती, आणि महाराज मात्र खूश होते.

"सुभान्या, दिवाळीच्या पहाटेपर्यंत तुला मुदत! माझ्यासमोर एक तरी असहाय, निराधार, उघडा माणूस दाखव. दाखवलास तर धर्मशाळा राहील. नाहीतर घोड्यांची लीद काढायला तूही तिथेच जा!"

आता आली का पंचाईत! महाराजांसमोर जो उभा राहील, त्याच्या अंगावर शाल पडणार, आणि मग तो निराधार कसला? विचार करकरून सुभानाचं डोकं तापलं. रिकामं भांडं चुलीवर ठेवलं की असंच व्हायचं, असं तो स्वतःलाच म्हणाला.

दिवाळीची पहाट उजाडली. महाराज न्हाणीघरात पाटावर बसले. अंगाला तेल लागलं, उटणं लागलं. एरवी महाराज चिलखताशिवाय अंगणातही जात नसत. पण न्हाणीघराची गोष्ट वेगळी. इथे त्यांचं सुटलेलं पोट कुणाला दिसू नये, म्हणून आंघोळ आटोपून पायाखाली दिवाळीचं कडू कारीट फुटेपर्यंत आत कुणीही यायचं नाही, असा त्यांचाच कडक हुकूम होता. आत फक्त सुभाना.

त्यानं महाराजांच्या डोक्यावर शिकेकाई चोळली. चांगली सढळ हातानं चोळली. फेस कपाळावरून उतरला आणि थेट डोळ्यांत गेला.

"आई गं! पाणी! सुभान्या, पाणी ओत!"

सुभानाचा तांब्या वर गेला आणि तसाच थांबला. आपल्यासारखा भित्रा सशांच्या बिळातही सापडायचा नाही, असं त्याला वाटलं. मग मावशीची चूल आठवली, आणि जिभेनं पुन्हा घात केला.

"महाराज, शाल आणू का?"

"शाल? अरे गाढवा, डोळे जळताहेत माझे!" महाराज हवेत हात मारू लागले. "पहारेकरी! धावा!"

"येता येत नाही, महाराज!" बाहेरून आवाज आला. "अजून कारीट फुटलं नाही! आपलाच हुकूम आहे!"

"सुभान्या, पाणी दे! शाल काय करायचीय मला?"

"आमची मावशीबी हेच म्हनत हुती, महाराज! शाल नगं, चूल राहू द्या. तुमीच म्हनला हुता न्हवं, एक मानूस दाखव? मग बघा. अंगावर चिलखत न्हाई, उघडा. हाकंला कुनी येत न्हाई, असहाय. अन् आधार कुनाचा, तर माज्यावानी येड्याच्या तांब्याचा. ह्याच्याहून निराधार मानूस मी आनायचा तरी कुठनं?"

एवढं बोलल्यावर सुभानाला घोड्यांची लीद दिसू लागली. त्यानं घाईघाईनं तांब्या महाराजांच्या डोक्यावर रिता केला, मग दुसरा, मग तिसरा.

महाराजांनी लालभडक डोळे उघडले. आपल्या पोटाकडे पाहिलं, अंगावरून ओघळणाऱ्या उटण्याकडे पाहिलं, आणि खो खो हसत सुटले. "चिंचणगडचा रक्षणकर्ता! आणि शिकेकाईनं लोळवला! सुभान्या, माणूस दाखवलास खरा, आणि पुरता उघडा दाखवलास!"

त्याच दिवशी दरबारात हुकूम निघाला. तिन्ही शब्द परत आले, धर्मशाळा राहिली, आणि मावशीच्या चुलीला वाड्यातून रोज धान्य जाऊ लागलं. मग महाराज ती भरजरी शाल घेऊन उठले. "सुभान्या, हे तुझं बक्षीस!"

"नगं, महाराज!" सुभाना मागे सरकला. "ती दाराशी परत घेत्यात!"

खजिनदार खाली बघू लागला. महाराज इतके हसले, की पुन्हा डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी सुभानाला चांदीचा तांब्या दिला, आणि सुभाना घरी पोचेपर्यंत तो तांब्या खजिनदारानंच डोक्यावर वाहून न्यावा, असं फर्मावलं!