बायजाक्काचा तहानलेला ओवा

फार वर्षांपूर्वी, आपल्या माळावर बाभळीसुद्धा विचार करून उगवायच्या तेव्हा, मुरमेवाडीत बायजाक्का नावाची वैदीण राहायची. पोराचं पोट दुखलं की ती ओव्याचे चार दाणे चावायची, त्याच्या पोटावर फुंकर घालायची आणि पोर हसायला लागायचं, असं म्हणतात.

हा ओवा ती माळावरच्या खडकातून वेचून आणायची. म्हातारपणी तिचे गुडघे धरले. वाडीचा तिच्यावर भारी जीव. बायकांनी तिच्या परड्यातच ओवा पेरला आणि लांबच्या विहिरीवरून येताना जी ती आपल्या घागरीतलं पाणी गुपचूप त्याला घालू लागली. ओवा कमरेएवढा झाला. आक्काला वाटलं, देव पावला.

त्याच साली हौसा कुंभारणीचं तान्हं आजारी पडलं. पोट टम्म फुगलं, रडणंही थांबलं. आक्काने परड्यातला ओवा चावून फुंकर घातली. पुन्हा घातली. पोर डोळे उघडेना. हौसाने आक्काचे पाय धरले.

आक्काने दाणा जिभेवर घोळवला. "ह्यो तर गवतावानी लागतोय! पाणी कुणी घातलं गं?"

"समद्यांनीच, आक्का," हौसा रडत म्हणाली.

आक्का रागावली नाही. तिचेच डोळे भरून आले. "लई माया केलीत, बायांनो. पर उन्हाशी, किड्यांशी भांडताना ओवा अंगात तिखटपणा तयार करतो, अन् दाण्याच्या शिरांत जपून ठेवतो. त्योच आपल्या पोरांच्या कामी येतो. तुम्ही त्याला भांडूच दिलं न्हाई."

मग भर उन्हात ती काठी टेकत माळावर निघाली. ओव्याच्या वासानेच तिला हात धरून नेलं, असं म्हणतात. एका भेगेत वीतभर, वाळून काडी झालेला ओवा उभा होता. त्याची चिमूट घेऊन ती परतली, तेव्हा तिच्या मुठीतून धग निघत होती. खरंखोटं त्या खडकाला ठाऊक!

तिने फुंकर घातली. पोर शिंकलं, आणि मग मागून असा काही बार उडाला की भट्टीवरचे कावळे पळाले. पाठोपाठ पोराने भोकाड पसरलं. हौसाला ते रडणं किती गोड लागलं म्हणून सांगू!

आक्का जाऊन पिढ्या लोटल्या. मुरमेवाडीच्या दर परड्यात अजून एक कोपरा ओव्याचा असतो. माघात ऊन चढलं की तो माना टाकतो. पाणी घेऊन येणाऱ्या बाईचा पाय तिथे अडतोच. घागर जराशी कलते. मग ती घागर सरळ करते आणि म्हणते, "न्हाई घालत गं, आक्का."